न ऐकू आलेला मंत्र

ज्या पानांवर आजवर कादंबऱ्या, आत्मचरित्रे आणि क्वचित एखादी जुनी बखर यांचीच चर्चा होत आली, तेथे एका खेळाच्या नियमग्रंथाविषयी लिहावयास घेतले आहे, याचे कारण आधीच सांगून टाकतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या नातवाच्या मित्रमंडळींचा एक खेळ आमच्याच दिवाणखान्यात मोडला. पत्त्यांचा डाव मोडतो तसा तो मोडला नाही. खेळणाऱ्यांतली एक मुलगी डोळ्यांत पाणी आणून उठली, आपले फासे पिशवीत भरून निघून गेली आणि पुढचे दोन रविवार आली नाही. भांडण नातवाच्या एका वाक्यावर होते : 'मी मंत्र कुजबुजत म्हटला, तुला तो ऐकूच आला नाही.' निवाड्यासाठी पुस्तक आमच्या हाती दिले गेले, कारण घरात उभा जन्म व्याकरण शिकविलेला माणूस एकच. निवाडा बाजूस राहिला आणि आम्ही ते पुस्तक वाचीत बसलो. मग त्याच्या आधीची व नंतरची काही पुस्तकेही मुलांकडून मागवून चाळली.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्या खेळाचे नाव. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली तो तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आणि एक जण, ज्याला ते 'डंजन मास्टर' म्हणतात व आम्ही सूत्रधार म्हणू, तो उरलेले सगळे जग होतो. लिहिलेली संहिता नाही, नेपथ्य नाही, तिकीट काढून आलेला प्रेक्षक नाही. आपले पात्र काय करते हे खेळाडू तोंडाने सांगतो आणि ते साधले की फसले हे पुष्कळदा वीस पैलूंचा फासा ठरवितो. नियमग्रंथ मात्र मोठा. २०१४ सालची जी प्रत आमच्या हाती आली ती तीनशेहून अधिक पानांची आहे. तीत कथा नाही, कथा कशी व्हावी याचे व्याकरण आहे, आणि व्याकरण म्हटले की आम्हांस ते परके वाटत नाही.

या व्याकरणातले एक प्रकरण मंत्रांचे. जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकातले मांत्रिक मंत्र मोठ्या कष्टाने मनात साठवितात आणि एकदा उच्चारला की तो मनातून पुसला जातो. गायगॅक्सने ही कल्पना उचलली आणि व्हान्सचे ऋण उघडपणे मान्यही केले. परंतु मंत्र म्हणताना मांत्रिक नेमके करतो काय, हे पद्धतशीर लिहिले गेले ते १९७८ सालच्या खेळाडूंसाठीच्या ग्रंथात. तेथे प्रत्येक मंत्रापुढे त्याचे घटक दिले आहेत. काही उच्चारावे लागते, काही हातवारे करावे लागतात, काही वस्तू जवळ असावी लागते. कोठे तिन्ही, कोठे दोन, कोठे एकच.

भरताच्या नाट्यशास्त्राशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे त्यांच्या हे चटकन लक्षात येईल. वाचिक, आंगिक, आहार्य. अभिनयाच्या चार प्रकारांपैकी तीन इकडे जसेच्या तसे येऊन बसले आहेत. गायगॅक्सने भरत वाचला असेल असे आम्ही सुचवीत नाही. युद्धाच्या खेळातला मांत्रिक फार प्रबळ होऊ नये, त्याचे तोंड बांधले की तो निष्प्रभ व्हावा, एवढाच व्यवहारी हेतू त्यामागे दिसतो. पण हेतू काहीही असो, त्यायोगे मंत्र ही मनातली घटना न राहता सभेत करून दाखविण्याची गोष्ट झाली. ती कोणी तरी पाहते, कोणी तरी ऐकते.

वस्तूंच्या बाबतीत तर गायगॅक्सने मिस्कीलपणाची हौस फेडून घेतली आहे. अग्निगोलाच्या मंत्राला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागते, म्हणजे थोडक्यात बंदुकीच्या दारूतला सोरा व गंधक. विजेच्या मंत्राला केसाळ कातड्याचा तुकडा आणि काचेची किंवा अंबराची कांडी. हा तर शाळेतला स्थिर विजेचा प्रयोगच. दुसऱ्याच्या मनातले विचार वाचायला एक तांब्याचे नाणे, कारण विचारात गढलेल्या माणसाला 'तुझ्या विचारांना एक पेनी देतो' असे म्हणण्याची इंग्रजांची रीत आहे. आणि ज्या मंत्रावरून आमच्या घरचा खेळ मोडला त्याला काय लागते? सापाची जीभ, आणि सोबत मधाच्या पोळ्याचा तुकडा किंवा गोड तेलाचा थेंब. या मंत्राचे इंग्रजी नाव 'सजेशन'. समोरच्याला एकदोन वाक्यांत काही तरी सुचवायचे आणि ते त्याने आपलेच मत समजून करायचे, असा त्याचा परिणाम. जिभेवर मध आणि जीभ सापाची! एवढ्या थोडक्यात एवढे सांगणारे पद आम्हांस त्या तीनशे पानांत दुसरे सापडले नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या ज्या घरांतून देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' (१८८८) वाचली गेली, त्यांना ऐयारांचा बटवा आठवेल. त्याही बटव्यात सगळे असे, फक्त तेथे कोणी मंत्र म्हणत नसे.

आता वाचिकाकडे वळू. २०१४ च्या ग्रंथात म्हटले आहे की सामर्थ्य शब्दांच्या अर्थात नसून ध्वनींच्या विशिष्ट मांडणीत, त्यांच्या स्वरात आणि घुमण्यात असते. हे वाचताना आम्हांस वृत्राची कथा आठवल्यावाचून राहिली नाही. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला, एका समासात स्वर चुकला, आणि मारणारा मरणारा झाला. महाभाष्यकाराने व्याकरण का शिकावे हे सांगताना या कथेचा आधार घेतला आहे. स्वराला एवढे महत्त्व देणारा ग्रंथ तो स्वर किती मोठ्याने काढावा हे सांगेल, अशी कोणाचीही अपेक्षा होईल. २०१४ चा ग्रंथ ते सांगत नाही. विशिष्ट स्वर हवा, हात मोकळा हवा, तोंड बांधलेले नको, निःशब्दतेचा मंत्र कोणी टाकलेला नको. आवाज किती, याविषयी चकार शब्द नाही.

ही उणीव रणांगणावर जाणवत नाही. तलवारी खणखणत असता मांत्रिक ओरडला काय आणि पुटपुटला काय, अग्निगोल सगळ्यांना दिसतोच. ती जाणवते दरबारात, मेजवानीत, सौदा ठरविताना, पहारेकऱ्याशी गोड बोलताना. तेथे मंत्र न कळता टाकावा असे प्रत्येक खेळाडूला वाटते, आणि नियमकर्त्यांनी त्या प्रसंगाचा विचार फार उशिरा केला. मूळ खेळ सैन्यांच्या लढायांच्या खेळातून निघाला याचा तो वारसा असावा. पण पन्नास वर्षांत टेबलावरची मुले तळघरांतून निघून राजवाड्यांत येऊन बसली, आणि नियम अजून तळघरातच चाचपडत होते.

तसे पाहिले तर गुप्त मंत्राची सोय अधूनमधून केलेली आढळते. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत न बोलता मंत्र टाकण्याचे एक कौशल्य आहे आणि न हलता टाकण्याचे दुसरे. पण प्रत्येकाची किंमत अशी की मंत्र एक पायरी वरचा समजून खर्ची पडतो. दोन्ही हवी असतील तर दोन पायऱ्या. २०१४ मध्ये हे सामर्थ्य मुख्यतः एका वर्गाकडे आले, ज्यांचा मंत्र पोथीतून आलेला नसून रक्तातून आलेला आहे अशा 'सॉर्सरर' नामक मांत्रिकांकडे. आपल्या मर्यादित शक्तीतला एक अंश खर्चून तो उच्चार आणि हातवारे दोन्ही वगळू शकतो. मग २०१७ साली 'झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग' या पूरक पुस्तकाने स्पष्ट केले की ज्या मंत्राला उच्चार, हातवारे वा वस्तू यांपैकी काही लागते तो टाकताना इतरांच्या लक्षात येतो; ज्याला यांपैकी काहीच लागत नाही तोच अलक्षित राहतो. मंत्र हाणून पाडण्याचा जो प्रतिमंत्र आहे, तोही समोरचा मंत्र टाकताना दिसला तरच चालतो. म्हणजे जे दिसत नाही ते अडविताही येत नाही. न दिसण्याला किंमत का हवी, याचे उत्तर आमच्या मते येथे आहे. ऐकणाऱ्याला 'नको' म्हणण्याची जी एक संधी असते, ती गुप्त मंत्र काढून घेतो.

या संदर्भात दुसऱ्या एका खेळाची आठवण काढणे अस्थानी होणार नाही. 'आर्स मॅजिका' हा जोनाथन ट्वीट आणि मार्क रेन-हेगन यांचा खेळ १९८७ साली निघाला. तो युरोपच्या मध्ययुगात घडतो, मांत्रिक लॅटिन क्रियापदे आणि नामे जोडून मंत्र रचतात, आणि व्याकरणशिक्षकाला तो पहिल्या खेळाहून अधिक आवडावा यात नवल नाही. त्यात आवाजाचा हिशेब अगदी रोकडा आहे. पाचव्या आवृत्तीत (२००४) गर्जून म्हटले तर एक गुण वाढतो; हळू म्हटले तर पाच जातात, मुळीच न बोलता टाकला तर दहा. हातवारे लहान केले तर दोन, वगळले तर पाच. मूकपणा येथे दुबळेपणा आहे.

आपल्याकडे नेमका उलटा क्रम लागतो. जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस हे तीन प्रकार आपण लहानपणापासून ऐकत आलो. ओठ हलावेत पण शेजारच्यालाही ऐकू येऊ नये तो उपांशु, आणि ओठही न हलता चालतो तो मानस. मनुस्मृतीत यज्ञाहून जप दहापट, उपांशु शतपट आणि मानस सहस्रपट श्रेष्ठ म्हटला आहे. प्रथम आम्हांस वाटले की पाश्चात्त्य खेळांना मौनाची थोरवी कळली नाही. चारआठ दिवसांनी हे मत आम्हांस सोडावे लागले. जप दुसऱ्या कोणावर करायचा नसतो. तो जपणाऱ्याच्या स्वतःच्या चित्तावर काम करतो, म्हणून तेथे आवाज जितका आत जाईल तितके बरे. खेळातला मंत्र दुसऱ्यावर टाकलेला असतो, आणि दुसऱ्यावर टाकायची वस्तू गुपचूप टाकणे याला आपल्याकडेही थोरवी कधी दिली गेली नाही. गावाकडे ज्याला करणी म्हणत, ती रात्रीची, तिकटीवरची आणि नाव न सांगता केलेली असे. तिची भीती होती, आदर नव्हता. एकाच शब्दाखाली नांदणाऱ्या या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखविल्या, एवढे श्रेय आम्ही त्या परदेशी नियमांना देतो.

'पाथफाइंडर' (२००९) या प्रतिस्पर्धी खेळाने तर टोकच गाठले. त्यातल्या चित्रांत मांत्रिकाभोवती प्रकाशाची अक्षरे फिरताना दाखवितात, आणि कारस्थानांसाठी लिहिलेल्या त्याच्या एका पुस्तकात (२०१६) मूक मंत्रालाही काही ना काही प्रकट खूण असतेच असे धरले आहे. तर्काला ते सोपे आहे, रसाला मारक. दरबारात ज्याच्या डोक्याभोवती अक्षरे चमकतात त्याचे कारस्थान ते काय चालणार?

आता घरच्या प्रसंगाकडे येतो. कथेत एक किल्ली होती. ती त्या मुलीच्या पात्राकडे, एका व्रतस्थ योद्धिणीकडे, सोपविलेली होती आणि ती कोणालाही न देण्याची तिची शपथ होती. आमच्या नातवाच्या मांत्रिकाला ती हवी होती. त्याने चिठ्ठी लिहून सूत्रधाराला दिली : मी कुजबुजत सजेशनचा मंत्र टाकतो, मध बोटाला लावलेला आहे, हातवारे या मंत्राला लागतच नाहीत. सूत्रधाराने मान हलविली. मंत्राला विरोध करण्याचा जो फासा असतो, निग्रहाचा म्हणा, तो त्याने आपल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे स्वतःच टाकला, आणि मग मुलीला सांगितले, 'तुला अचानक वाटतं की किल्ली याच्याकडेच जास्त सुरक्षित राहील. तू ती देतेस.' तिने विचारले, 'का?' सूत्रधार म्हणाला, 'वाटतं, बस.' खरी गोष्ट बाहेर पडायला मग दहा मिनिटेही लागली नाहीत.

नियमाच्या दृष्टीने पाहिले तर नातवाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. आवाज किती असावा यावर ग्रंथ गप्प. हातवारे या मंत्राला खरोखरच नाहीत. सुचविलेले वाक्य आणि मंत्राचे गूढ ध्वनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, साध्या बोलण्यात मंत्र लपविता येत नाही, असा खुलासा नियमकर्त्यांनी नंतर केलेला आहे. पण तो मूळ ग्रंथाबाहेर, आणि कुजबुजीचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. आम्हांस अधिक खटकला तो ग्रंथाचा एक अंतर्विरोध. माणसाला मोहविण्याचा जो साधा मंत्र आहे, तो उतरल्यावर आपण मोहविले गेलो होतो आणि कोणाकडून, हे त्या माणसाला कळते असे ग्रंथ स्वतः सांगतो. मैत्री भासविणारा आणखी एक किरकोळ मंत्र आहे, ज्याला उच्चार लागत नाही, तोंडाला थोडी रंगभूषा लावावी लागते; तो उतरला की समोरचा चिडून वैरी होतो. सजेशनच्या वर्णनात असे काही नाही. उलट दुसऱ्या एका परिच्छेदात म्हटले आहे की ज्या मंत्राचा परिणाम जाणवण्यासारखा नाही, तो आपल्यावर टाकला गेला हे माणसाला कदाचित कधीच कळणार नाही. तिसऱ्या आवृत्तीत निदान एवढे तरी होते की मंत्राला जो टिकून राहिला त्याला अंगावर झिणझिण्या आल्यासारखे, काही तरी वैरभावाचे जाणवत असे. पुढच्या लेखकांनी ही लहानशी माणुसकी का गाळली हे आम्हांस समजले नाही.

२०२४ साली नवी आवृत्ती निघाली. तीत हा वाद एका वाक्यात मिटविला आहे : मंत्राचे शब्द साध्या बोलण्याच्या आवाजात उच्चारले पाहिजेत. मुलांकडे ती प्रत नव्हती. आम्ही ती मागाहून पाहिली. कुजबूज बाद. प्रथमदर्शनी हा नियम अरसिक वाटतो. तो चांगला आहे असे आम्ही म्हणतो ते केवळ शिस्तीसाठी नव्हे. साधा आवाज ही अशी वस्तू आहे की जी शांत खोलीत लपत नाही आणि गर्दीत सहज लपते. म्हणजे मांत्रिकाला गर्दी तयार करावी लागेल. लग्नाच्या मेजवानीत ढोल सुरू होईपर्यंत थांबावे लागेल. गाणाऱ्या सोबत्याला वरचा सूर लावायला सांगावे लागेल. एखाद्याला भांड्यांचे ताट नेमक्या क्षणी पाडावे लागेल. जे एकट्याने ओठांत उरकायचे होते ते चौघांचे नाटक होऊन बसते, आणि त्या चौघांना काय चालले आहे हे ठाऊक असावेच लागते. फासा टाकून 'मी लपून मंत्र म्हटला' असे सांगण्यापेक्षा यात गोष्ट किती तरी अधिक आहे. एका शब्दाने लेखकांनी कपटाला श्रम जोडून दिले.

पण नियम मिटला म्हणून त्या मुलीचे रडणे मिटले असते का? आम्हांस तसे वाटत नाही, आणि येथे नियमग्रंथ संपून नाट्याचा प्रश्न सुरू होतो.

जुन्या संस्कृत नाटकांत 'जनान्तिक' नावाची एक सोय आहे. एक पात्र त्रिपताक हस्ताचा आडोसा करून दुसऱ्याशी बोलते. रंगमंचावरच्या उरलेल्या पात्रांना ते ऐकू आले नाही असे सर्वांनी मानायचे. मुद्रा करणारा नट काही कुजबुजत नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात तो बोलतो. शेजारी उभा असलेला नटही ते शब्दशः ऐकतो, आणि न ऐकल्याचा अभिनय करतो. हे संकेत आमच्या वाडवडिलांना इतके अंगवळणी पडले होते की अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' (१८८०) मराठीत आले तेव्हा ते कोणाला समजावून सांगावे लागले नसतील. रहस्य पात्रापासून ठेवायचे, नटापासून नाही. नटापासून ठेवले तर तो अभिनय कशाचा करणार?

आमच्या दिवाणखान्यात हा भेद पुसला गेला. मुले सांगतात की ज्या टेबलांवर खेळाडू खेळाडूशी कपट करतात तेथे चिठ्ठ्या चालतातच, आणि कित्येकांना त्यातच गंमत वाटते. वाटत असेल. जेथे सर्वांनी आधी तसे ठरविले आहे तेथे आमचे काही म्हणणे नाही. पण येथे तसे ठरले नव्हते. योद्धिणीला मंत्र कळला नाही, यात काहीच वावगे नव्हते. ते सुंदरच झाले असते. तो त्या मुलीलाही कळू दिला गेला नाही. तिचे पात्र तिच्या हातून काढून घेऊन कोणी तरी क्षणभर चालविले आणि तिलाच विचारले गेले की तू असे का केलेस. कपटी मांत्रिकाची कल्पना नातवाची होती, पण दोष आम्ही त्याच्यापेक्षा चिठ्ठीला मान हलविणाऱ्या सूत्रधाराला देतो. आणि त्याच्याहून थोडा त्या ग्रंथाला, जो लढाईतल्या एकेका पावलाचे अंतर मोजून देतो आणि शेजारी बसलेल्या मित्रावर मंत्र टाकावा की नाही याविषयी जवळपास काहीच बोलत नाही.

हे सारे आम्ही नातवाला सांगितले. तो ऐकून घेतो, पण पटले की नाही हे चेहऱ्यावर दाखवीत नाही. ते घराण्यातच आहे. एवढेच म्हणाला, 'आजोबा, पण सांगून टाकला तर ती मुद्दाम किल्ली देणार नाही.' शंका रास्त होती. नाटकात नटाने संहितेशी बांधलेले असते. येथे संहिता नाही, आणि ऐकलेले न ऐकल्यासारखे वागणे हे सोपे काम नाही. आम्ही म्हटले, 'देणार नाही हे तूच कसे ठरवतोस? विचारून पाहा.'

तिसऱ्या रविवारी ती आली. कोणी बोलावणे धाडले ते आम्हांस ठाऊक नाही. आल्याबरोबर तिने एकच अट घातली, आणि ती कुजबुजीविषयी नव्हती, चिठ्ठीविषयीही नव्हती. 'फासा मी टाकणार,' ती म्हणाली. 'माझ्या मनाचा फासा दुसऱ्यानं पडद्यामागे का टाकायचा?' यावर कोणाजवळच उत्तर नव्हते. प्रसंग पुन्हा मांडला गेला. यावेळी धर्मशाळेत उरूस होता, चौथ्या मुलाच्या शाहिराने डफ धरला, आणि नातवाने सर्वांसमोर, साध्या बोलण्याच्या आवाजात, काही तरी अगम्य अक्षरे उच्चारली. ती त्याने आमच्याच एका जुन्या धातुपाठातून पाठ करून आणली होती असा आम्हांस संशय आहे. मुलीने ती नीट ऐकून घेतली. मग फासा हातात घोळवून टाकला. तो टेबलावरून उडून दिवाणाखाली गेला. आम्हीच काठीने बाहेर ओढला. तीन पडले होते.

ती क्षणभर गप्प राहिली. मग कमरेची नसलेली किल्ली सोडवून समोर धरली आणि अगदी मऊ आवाजात, जणू स्वतःलाच सुचले आहे अशा रीतीने, म्हणाली, 'तूच ठेव. मला आज का कोण जाणे, हिचा भार वाटतोय.'